छातीतल्या डागाचा पुरावा कुठाय?

एक्स-रेची गाडी आमच्या गावात मी आणली. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर पुष्कळांनी ते मला हसून ऐकवलं.

मी अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातली. सातवी पास, मासळी विकणारी, आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिणारी. बाजारात आम्ही चिखलात बसतो, आम्हाला ओटे हवेत, नळ हवा, एवढंच आमचं मागणं. स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली तरी कोळणीला टेकायला कोरडी जागा नाही, हे वाक्य मी इतक्या पत्रकांत घातलंय की छापखान्यातला जुळारी म्हणायचा, "बाय, ही ओळ मी मोडतच न्हाय. खिळे तसेच बांधून ठेवलेत."

एका पत्रकात मी लिहिलं की आमच्यात घरोघर खोकला आहे, आणि छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी फिरते ती फक्त डांबरी रस्त्याच्या गावांना. अर्ज केले. कचेरीच्या पायऱ्यांवर टोपल्या मांडून बसलो. कारकुनांना वास सहन होईना, तेव्हा गाडी आली.

आली, तर आत कोणी जाईना. आत अंधार करतात, रक्त ओढून घेतात, अशी बोलवा. मग मी माझी तान्ही मुलगी रत्ना सासूच्या हातात दिली, पदर खोचला आणि पहिली आत गेले. थंड पत्र्याला छाती लावली, दम धरला, बाहेर आले आणि म्हटलं, "बघा ग, उरलंय का रक्त?" बायका हसल्या. रांग लागली.

थोड्या दिवसांनी ज्यांना तालुक्याला पुन्हा बोलावलं त्यांत माझं नाव होतं.

"दुसरं काय असणार?"

अलिबागेतल्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मी खुर्चीवर. माझा नवरा धर्मा भिंतीला टेकून उभा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतात, मी घेते.

"उजव्या फुप्फुसात खाली डाग आहे. खोकला?"

"आहे थोडा. बाजारात ओरडते, सभेत ओरडते."

"ताप?"

"नाही."

"क्षय आहे."

मी विचारलं, "थुंकीत जंतू मिळाले?"

"थुंकी पाठवू तपासायला. पण क्षयच. कोळीवाड्यात दुसरं काय असणार?"

ते काही वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, बाहेर रांग होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते अजून बसलेलं आहे. माझ्या छातीचा निकाल त्यांनी माझ्या पत्त्यावरून लावला होता.

भीती वाटली का? वाटली. पण खरी भीती पुढच्या वाक्याची वाटली. सुयांचं, पुड्यांचं, वेगळ्या भांड्यांचं सांगून झाल्यावर कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता ते म्हणाले, "मूल अंगावर पितं ना? आजपासून बंद. जवळसुद्धा घ्यायचं नाही."

रत्ना तेव्हा पालथी पडायला लागली होती. खालच्या हिरडीत दाताची पांढरी रेघ दिसत होती. परत येताना धर्मा बैलगाडीत माझ्या शेजारी बसला, मग विचार करून समोर बसला. त्यालाही भ्यायचा हक्क होता.

दूध

सासूला मी आत्याबाय म्हणते. तिनं दारातच विचारलं, काय झालं. धर्मानं सांगितलं. तिनं रत्नाला खांद्यावर घेतलं आणि ती मागच्या खोलीत गेली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दुपारपर्यंत शेळी आणून बांधली, माझं ताट, तांब्या, पाट पडवीत काढून ठेवले. "आता तुजा सगला हितं," म्हणाली.

पडवी आणि मागची खोली यांच्यामध्ये एक कुडाची भिंत. रत्ना रडली की ती भिंत असून नसल्यासारखी. ती तिकडे रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची. हे कोणत्या पत्रकात लिहायचं? फडकं घट्ट बांधून बघितलं. छातीत दगड भरल्यासारखं झालं. शेवटी विहिरीच्या मागं जाऊन दूध मातीत पिळून टाकलं. मी क्षयानं रडले नाही, त्या ओल्या मातीकडे बघून रडले.

एकदा आत्याबाय पाण्याला गेली असताना मी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. रत्ना झोळीत जागी होती. मला बघून तिनं पाय झाडले. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "रत्नू, आय आली." आणि परत फिरले. आत गेले असते तर कोणी पाहिलं नसतं. पण माझ्या श्वासातून तिला काही झालं तर, हा प्रश्न मलाही होताच. डॉक्टरांवर रागावणं सोपं असतं, ते चूक आहेत हे ठाऊक असल्यासारखं वागणं सोपं नसतं.

बाजारात

बाजाराच्या ठेकेदाराला आमचे ओटे नको होते. चिखलातली जागा तो रोज वेगळ्या बाईला द्यायचा, म्हणून सगळ्या त्याच्या धाकात. माझी बातमी त्याला सणासारखी आली. त्याचा माणूस गिऱ्हाइकांना सांगत फिरला, "त्या पत्रकवालीला क्षय लागलाय. तिच्या रांगेतली मासली घेऊ नका."

मी त्यावर काही बोलायच्या आत संघटनेच्या बायका आल्या. पडवीच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

एकजण म्हणाली, "सभेला तू ये, आमी नको म्हनत न्हाय. पन मागं बस."

"किती मागं?"

"जरा."

"समुद्रात बसू का?"

त्या हसल्या, पण पुढं आल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, क्षय असला तरी तो मासळीतून जात नाही, हे तुम्हीच माझ्याकडून ऐकून बाजारभर सांगत होता. आता तो मला झाला म्हणून त्याची चाल बदलली का? पुढचं पत्रक मी पडवीतच लिहिलं. त्यात पहिली मागणी ओट्यांची, दुसरी नळाची, आणि तिसरी ही, की आजारी बाईला मागं बसवू नका. तिसरी आमच्याच संघटनेकडे होती. जुळाऱ्यानं निरोप पाठवला की ही ओळ नवी आहे, बांधून ठेवू का. ठेव म्हटलं.

सुया चालूच होत्या. त्यांनी कानात भुणभुण व्हायची, पुड्यांनी पोट ढवळायचं. थुंकी तपासून आली, जंतू नाहीत. पुन्हा पाठवली, नाहीत. पुन्हा नाहीत. मी विचारलं, "मग?" डॉक्टर म्हणाले, "कधी कधी सापडत नाहीत." नवा फोटो काढला, डाग होता तेवढाच. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "सुयांनी हलत नाही म्हणजे गाठ असू शकते. मुंबईला दाखवा. कदाचित तेवढा भाग कापून काढावा लागेल."

म्हणजे इतके दिवस क्षय म्हणून माझं दूध आटवलं, आणि आता कर्करोग म्हणून फुप्फुस कापायचं. मधे कोणी "आम्हाला माहीत नाही" असं म्हणायला तयार नव्हतं.

मुंबईची खाट

रेवसहून लाँच धरली. धर्मा धक्क्यापर्यंत आला, पुढं माझ्या भावानं नेलं. मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात बायकांचा लांबच लांब वॉर्ड होता. पहाटे ताप बघायचा, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या आधी सगळ्या बायका केस सारख्या करून बसायच्या, जशा काही लग्नासाठी दाखवायला बसल्यात.

शेजारच्या खाटेवर उरणकडची जनाबाय होती. मिठागरात राबलेली, हडकुळी, आणि वॉर्डात सगळ्यात जास्त हसणारी. तिला क्षय होता, जंतू सापडलेला, पक्का. मी आले त्याच दिवशी तिनं विचारलं, "तुला काय झालाय?"

"कोणालाच माहीत नाही."

"मंग बरा हाय. माजा सगल्यांना म्हाईत हाय, कोन चाय पन पीत न्हाय माज्या बरोबर."

मी माझा पेला तिच्या खाटेवर नेला आणि तिच्याशेजारी बसून चहा प्याले. तोंड खिडकीकडे करून ती म्हणाली, "लांब सरक ग, तुला लागंल." आणि मग, "नको, बस." आमची मैत्री अशी झाली. माझ्या आजारात मला जी थोडी माया मिळाली तिच्यातली बरीचशी त्या बाईनं दिली.

हेही इथंच सांगते. मला क्षय नव्हता म्हणून मी सुटले, अशा सुरात हे कोणी वाचू नये. क्षय झालेला माणूस गुन्हेगार नाही. त्याला औषध आहे, ते नीट घेतलं तर माणूस उठतो. जनाबाय उठली. तिच्या घरच्यांनी तिला घ्यायला यायला फार वेळ लावला, तो रोग मात्र तिचा नव्हता.

संशयित कोण कोण

छातीचे डॉक्टर वयानं मोठे होते, हळू बोलायचे. पहिल्याच फेरीत मी त्यांना धरलं.

"डॉक्टरसाहेब, फुप्फुसात असा डाग कशाकशानं पडतो, ते सगळं मला सांगा."

बरोबरचे शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले. नर्सबाई म्हणाल्या, "त्यांना वेळ नाही, बाई."

"मला आहे," मी म्हटलं. "मी बसूनच आहे."

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खाटेच्या कडेला टेकले. "क्षयाचा असतो. लहानपणी येऊन गेलेल्या क्षयाचा वणही असतो, माणसाला पत्ता नसतो आणि तो निरुपद्रवी असतो. न्यूमोनिया पुरता उतरला नाही तर राहतो. कुत्र्याच्या जंताची अंडी पोटात गेली तर फुप्फुसात पाण्याची गाठ होते. एखादी बुरशी असते. श्वासनळीत काटा किंवा शेंगदाणा अडकून पडला तर त्याच्याभोवती होतो. आणि कर्करोग असू शकतो. तुमच्या वयात कमी, पण असू शकतो."

"एवढे संशयित आहेत?"

"याहून जास्त आहेत."

"आणि अलिबागेत एकालाच पकडून फाशी दिली."

यावर मात्र ते हसले. "तिथं पकडायला साधनं कमी आहेत. इथं आपण एकेकाला विचारू."

आणि विचारलंही. घरी कुत्रा आहे का? कधी काटा अडकला होता का? कोळणीला हा प्रश्न! म्हटलं, रोज अडकतो, रोज भात गिळून उतरवतो. सुईनं छातीतलं पाणी बघितलं, नळी घातली, ती नको आठवायला. उत्तर येईना. शस्त्रक्रियेवाल्यांनी माझा कागद मागून घेतला.

ज्याच्या हातात असा फोटो येईल त्याला माझं सांगणं हे. डाग म्हणजे निकाल नव्हे. डाग म्हणजे प्रश्न. डॉक्टरला विचारा, आणखी काय असू शकतं? त्याला राग आला तर येऊ द्या. तुमच्या छातीचा मामला आहे, त्याच्या रागाचा नाही.

बाटली

धर्मा भेटायला आला तो दुपारचा. हातात सुकटीची पुडी, आत्याबायनं दिलेली तेलाची बाटली, आणि चेहऱ्यावर बरीच बातमी.

हे तेल म्हणजे मुशी माशाच्या काळजाचं. आमच्या घरी आत्याबाय स्वतः काढते. अख्ख्या कोळीवाड्यात तिच्या तेलाला मान आहे. अशक्त पोराला, बाळंतिणीला, सर्दी-खोकल्याला तेच. मला तर लग्न झाल्यापासून रोज. उताणं निजायचं, मान मागं टाकायची, दोन्ही नाकपुड्यांत कोमट तेल सोडायचं आणि घशात उतरू द्यायचं. घसा खुलतो, आवाज मोकळा होतो. सभा असली की आत्याबाय जास्त सोडायची. "बोंबलायचा हाय तुला, घे," म्हणायची. ती माझ्यावर अशीच माया करायची. इस्पितळातही पहिली बाटली मी बरोबर आणलीच होती.

"रत्ना कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. जरा खोकते. पन आय बघते ना. रोज मांडीवर घेऊन तेल देते, चमच्यानं बी आन नाकात बी. म्हनते, आयशीचा रोग पोरीला लागाला नको. लय रडते देताना, पन आय सोडत न्हाय तिला."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. म्हटलं, चला, माझी सासू तिला जपतेय.

तो गेल्यावर मी नवी बाटली उघडली आणि नेहमीसारखी मान मागं टाकून पडले. तेवढ्यात डॉक्टर एका शिकाऊ पोरासोबत आले. खाटेजवळ थांबले आणि हुंगत म्हणाले, "वास कसला येतोय?"

माझं डोकं फिरलं. हा प्रश्न मी जन्मभर ऐकलाय. शाळेत ऐकलाय, गाडीत ऐकलाय, कचेरीत ऐकलाय. उठून बसले आणि म्हटलं, "कोळीण आहे मी. माझ्या अंगाला मासळीचा वास येणारच. तुम्हाला सोसत नसेल तर लांबून तपासा."

जनाबायनं तोंडावर पदर धरला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मासळीचा वास मला कळतो, बाई. मी वर्सोव्याला वाढलोय. हा तेलाचा आहे. कुठं लावता?"

"लावत नाही. नाकात सोडते."

"किती दिवसांपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"निजून?"

"निजूनच. उभ्यानं कसं उतरेल?"

ते खाटेच्या कडेला बसले. शिकाऊ पोराला म्हणाले, "फोटो आणा." आणि मला सावकाश समजावलं. पाणी श्वासनळीत गेलं की ठसका लागतो, आपण खोकून बाहेर टाकतो. तेल ठसका लागू देत नाही. ते गुपचूप खाली उतरतं. फुप्फुसाला ते पचत नाही, बाहेर टाकता येत नाही, मग फुप्फुस त्याच्याभोवती जणू कोट बांधतं. त्या कोटाची सावली फोटोत दिसते. क्षयासारखी दिसते, कर्करोगासारखीही दिसते.

"म्हणजे माझा डाग तेलाचा?"

"तसं आत्ता म्हणणार नाही. तुमची थुंकी पुन्हा बघू, या वेळी जंतू नाही, तेल शोधायला. तोवर कोणी तुम्हाला कापणार नाही."

एवढ्या महिन्यांत "आत्ता म्हणणार नाही" असं म्हणणारा हा पहिला डॉक्टर. त्यानंच माझा विश्वास बसला. मला हसू येऊ लागलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. आत्याबायची मांडी डोळ्यांसमोर आली. तिच्यावर उताणी धरलेली, रडणारी, तोंड उघडलेली माझी पोर.

मी खाटेवरून उतरले.

"कुठं निघालात?"

"घरी. तेच तेल माझ्या मुलीच्या नाकात जातंय. वर्षाचीसुद्धा नाही ती."

डॉक्टर उभे राहिले. "मग आजच जा. आणि तिला इथं घेऊन या."

दोन वैरिणी

थुंकी देऊन मी मिळेल ती लाँच धरली. घरी पोचले तेव्हा आत्याबाय पाय लांब करून बसली होती, पायांवर रत्ना, बाजूला वाटी. रत्ना खोकत होती. लहान, कोरडा, म्हाताऱ्यासारखा खोकला. धर्मा अंगणात जाळं विणत होता.

मला बघताच आत्याबायनं पोरीवर पदर घातला. "तितंच थांब. उंबऱ्याच्या आत येऊ नको."

"आत्याबाय, ती वाटी खाली ठेवा."

"तू आदी लांब हो."

"माझ्या छातीतला डाग क्षयाचा नसेल. तेलाचा असेल. मुंबईचे डॉक्टर म्हणतात."

"माज्या तेलाचा?" ती इतक्या हळू म्हणाली की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. "ह्या तेलावर धर्मा वाडला. अख्खा कोलीवारा वाडला. आन तुला डाग परला?"

मी सभेतली भाषा सुरू केली. अज्ञान, शास्त्र, जुनी खुळं, सगळं. ती ऐकता ऐकता आत्याबायनं वाटीत चमचा बुडवला. मला कळलं की मी हरतेय. तिच्या बाजूनं बघितलं तर दारात क्षयी बाई उभी होती आणि पोरीला वाचवायला हातात फक्त तेल होतं. आम्ही दोघी एकाच पोरीला एकमेकींपासून वाचवत होतो.

मी भाषण थांबवलं. विचारलं, "ती खोकते कधीपासून? मी घरी होते तेव्हा खोकत होती?"

आत्याबायनं चमचा वाटीतच फिरवला.

धर्मा अंगणातून म्हणाला, "नव्हती खोकत. आय, तू तेल चालू केलास त्याच्या मागाहून."

"तू गप. खोकला आला म्हनून तर मी तेल वाडवला."

मग मी तेच केलं जे ठेकेदारापुढं करायला शिकले होते. दोन्ही बाजू अडल्या की तडजोडीचा कागद पुढं करायचा, फक्त इथं कागद नव्हता. म्हटलं, "आत्याबाय, तुमचा संशय माझ्यावर. माझा संशय तेलावर. दोघांनाही पोरीपासून लांब ठेवू. मी तिला हात लावणार नाही, तुम्ही तेल देणार नाही. तुम्हीच तिला घेऊन चला मुंबईला. डॉक्टर सांगेल ते दोघींनी मानायचं."

"तू हात लावनार न्हाईस?"

"नाही."

"वाटंत रडली तरी?"

"रडली तरी."

तिनं वाटी उचलून चुलीमागं ठेवली.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात महाग तडजोड. लाँचवर त्या दोघी मागच्या बाकावर, मी पुढं. रत्ना रडली. खोकली. पुन्हा रडली. एका बाईनं मला विचारलं, "तुमचं का मूल?" मी म्हटलं, "हो." "मग घ्या की." मी समुद्राकडे बघत बसले. शब्द दिला होता, आणि शब्द मोडणाऱ्यांविरुद्धच तर मी पत्रकं लिहिते.

निकाल

रत्नाचा फोटो काढताना आत्याबायनंच तिला धरलं. मी दाराबाहेर. मग आम्हा दोघींना डॉक्टरांनी समोर बसवलं.

माझ्या थुंकीत तेल सापडलं होतं. पेशींच्या पोटात थेंब थेंब भरलेलं. जंतू या वेळीही नव्हते. डाग लगेच जाणार नाही, वर्षानुवर्षं राहीलही, अधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवावं लागेल. पण सुया बंद, कापणं बंद.

"आणि हिचं?" मी विचारलं.

"हिच्या छातीत दोन्ही बाजूंना थोडी धूसर सावली आहे. आता थेंबही जाऊ दिला नाहीत तर निवळेल असं वाटतं. तान्ही मुलं भरून काढतात. वेळेत आणलीत." मग ते आत्याबायकडे वळले. "आजी, मोठ्यांना पाजलं तर पोटात जातं, चालतं. पण रडणाऱ्या मुलाला निजवून कधीच द्यायचं नाही. नाकात तर कोणालाच नाही."

आत्याबाय रत्नाच्या टाळूवरून हात फिरवत होती, तो थांबला.

"डाक्तर," ती म्हणाली, "मंग माजा पांडू?"

पांडू म्हणजे धर्माच्या पाठचा. चालायला लागायच्या आधीच खोकल्यानं गेला, एवढंच मला ऐकून माहीत. आत्याबायच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "ते आता सांगता येत नाही, आजी. खोकल्याचीही कारणं पुष्कळ असतात."

"व्हय," ती म्हणाली. "पुष्कल असतात."

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. पडवी, शेळी, विहिरीमागची माती. महिनोन्महिने जुळवून ठेवलेलं. ते मी गिळलं. तिच्यावर पत्रक काढायचं नव्हतं.

व्हरांड्यात आल्यावर तिनं रत्नाला माझ्या मांडीवर ठेवलं. रत्नानं माझ्याकडे नीट बघितलं, ओळखलं नाही, आणि किंचाळून आजीकडे हात पसरले. मी तिला छातीशी धरलं. तिनं पाठीचा बाक केला, माझा कान ओरबाडला. आत्याबायचे हात आपोआप पुढं आले. तिनं ते मागं घेतले आणि उठली.

"मी जिन्याकं जाऊन बसते," म्हणाली. "मी समोर हाय तवर ती तुज्याकं रायची न्हाय."

ती जिन्याच्या वळणाआड गेली. रत्ना जास्तच रडू लागली. येणारे-जाणारे वळून बघत होते, एक नर्सबाई म्हणाल्या, "गप्प करा तिला, पेशंट आहेत."

"नाही करत," मी म्हटलं. आणि पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "रड, रत्ना. मोठ्यानं रड. मी हितंच हाय."